जांभळाचा उंबरा

घाटघर, ता. जुन्नर
९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

धाकट्या भावाचा, गेणूचा दंडवत घे. फाडायचं असंल तर फाड, पण आधी अर्धं पान तरी वाच. फोन लावला की तिसऱ्या रिंगला कट व्हतो, म्हणून हा पोस्टाचा उद्योग. घाटघर ते कळंब, किती दिवसांत पोचतंय देव जाणे.

गेल्या महिन्यात मी कामावरनं निवृत्त झालो. मंचरच्या अलीकडं हायवेला ट्रकच्या बॉड्या बांधायचं ते शेड, चौतीस वर्षं तिथं काढली. मालकानं शाल दिली, नारळ दिला आन म्हणाला, "गेणूभाऊ, आता आराम करा." कसला आराम अन कसलं काय! घरी आलो तर साधनानं आधी पुढच्या दाराला नेलं आन चौकटीत बोट घातलं. बोट पेरापतुर आत गेलं. वाळवी! मंग म्हणलं, आता सगळं घरच दुरुस्तीला काढू. आढ्याचे दोन वासे, मागची खिडकी, आन हे दार.

दुसरी गंमत म्हंजी मी एका ग्रुपात शिरलोय. अवसरीच्या तेजस्विनी मॅडम म्हणून हायत, कॉलेजात शिकवत्यात आन घरी हौसेनं लाकडाची खेळणी करत्यात. शेडवर उरल्यासुरल्या फळ्या न्यायला यायच्या. त्यांनी मोबाईलवर 'रंधा' नावाचा ग्रुप काढलाय. सगळी हौशी माणसं. डॉक्टर काय, कॉम्प्युटरवाले काय, एक तर बँकेचा मॅनेजर. नव्या माणसानं आपली ओळख लिहायची असा तिथला नियम. नाव, गाव, काय बनवता, सध्या काय चाललंय, घरात कोण, आन हातून झालेली एक चूक. मी तीन दिवस लिहीत व्हतो, आक्का. शाळेत एवढा वेळ निबंधाला दिला असता तर आज मीच मास्तर असतो. लिहिलं ते असं:

"नमस्कार मंडळी. मी गेणू सोमाजी, मुक्काम घाटघर, वय अठ्ठावन्न. चौतीस वर्षे ट्रकच्या बॉड्या बांधल्या. नाजूक काम येत नाही, पण मी बसवलेली फळी कांद्याच्या ओझ्याने आजवर तुटलेली नाही. सध्या वडिलांच्या घराची दुरुस्ती काढली आहे. पुढच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली, परंतु वडिलांनी बसवलेला ऐनाचा उंबरा अजून ठणठणीत आहे. घरात मी आणि पत्नी. हातून झालेली चूक : एकदा रंध्याने अंगठ्याचे कातडे काढले."

लगेच साठ जणांनी अंगठा दाखवला. मला वाटलं माझ्या अंगठ्याची चौकशी करत्यात. साधना म्हणाली, येड्या माणसा, ते 'छान' म्हणायचं असतं.

'घरात मी आणि पत्नी' लिहिताना हात अडला. त्याच्याआधी 'थोरली बहीण कळंबला असते' असं लिहिलं व्हतं. मंग पुसलं. तुझं नाव घ्यायला तुझी परवानगी पायजे असं वाटलं.

आन एक. तुझ्या वृषालीच्या लग्नाच्या दिवशी मला ताप व्हता. हे तुला कुणी सांगितलं का न्हाई, म्हाईत न्हाई. लई ताप व्हता.

गुडघ्याला जप. वृषालीला आशीर्वाद.

गेणू


घाटघर
२ मार्च २०२५

आक्का,

तुझं कार्ड आलं!

पोस्टमन खाली रस्त्यावरनंच वरडला, "गेणूभाऊ, कळंबचं कार्ड!" मी माळ्यावर व्हतो, शिडी सोडून उडीच मारली. आन कार्डावर काय? "जांभूळ हाय. ऐन न्हाई. लंका." सहीसकट पाच शब्द. तीन वर्षांत तुझे पाच शब्द, आन त्यात बी माझी चूक काढलीस! मी हसलो, मंग डोळ्याला पाणी आलं, मंग साधनानं कार्ड हिसकून घेतलं आन ती हसत बसली. "नणंदबाईंचंच हाय, दुसरं कुणी असं लिहिणार न्हाई," म्हणाली. कार्ड आता देवाच्या फळीवर हाय.

मी काय तुझं लगेच ऐकलं न्हाई, सुतारकी केलेला माणूस हाय मी. उंबऱ्याच्या कडंला रंधा मारला. चार पापुद्रे काढले, वास घेतला, आडवं उभं बघितलं. जांभूळच. ग्रुपात फोटो टाकून चूक कबूल केली. बँकेचा मॅनेजर म्हणाला, "मला आधीच शंका आली होती." आली व्हती तर बोलला का न्हाईस रं बाबा?

आन रंध्याखालनं ते लाकूड निघालं तसं मला सगळं आठवलं. मागच्या पडवीला लागून ते झाड व्हतं. तू अकरा वर्षांची, मी पाचाचा. मी खालनं रडायचो, "वरची दे, काळी दे," आन तू माझ्यासाठी शेंड्याला गेलीस आन फांदीसकट खाली आलीस. हात मोडला तुझा. चारच दिवसांनी बाबांनी कुऱ्हाड काढली. आई आडवी पडली, फळतं झाड तोडू नका म्हणून. बाबा म्हणाले, "लेकीपरास झाड मोठं न्हाई." त्याच झाडाचा हा उंबरा. तुझ्या हाताच्या बदल्यात बसवलेला. आन मी त्याला ऐन म्हणालो. तुला वाटलं असंल गेण्यानं मुद्दाम चुकीचं लिहिलं, म्हंजी तू उत्तर देशील. तेवढं डोकं असतं तर बरं झालं असतं. खरंच विसरलो व्हतो.

तापाबद्दल तू कार्डात काय लिहिलं न्हाईस.

गेणू


घाटघर
२५ मार्च २०२५

आक्का,

ताप नव्हता.

हे लिहायला तीन आठवडे लागले. मधी दोन कागद चुलीत घातले. आता साधनाला बाजूला बसवून लिहितोय, म्हंजी हा तिसरा बी चुलीत जायचा न्हाई.

लग्नाच्या आधीच्या महिन्यात तू पत्रिका आन अक्षता घेऊन आलीस. पयली पत्रिका देवाला, दुसरी माहेराला म्हणून कळंबवरनं एवढ्या लांब, दोन गाड्या बदलून, तसल्या उन्हाची. दाजी असते तर जोडीनं आला असता. तू एकटीच व्हतीस. आन मी दारात उभा राहिलो. 'ये' म्हणालो न्हाई, पाणी इचारलं न्हाई. तू बाहेर, मी आत, मधी हा उंबरा. मी म्हणालो, "पोरगा आपल्यातला न्हाई. मी आलो तर लोक काय म्हणतील?" तू काय बी भांडली न्हाईस. अक्षता उंबऱ्यावर ठेवल्यास आन म्हणालीस, "गेणू, जिवात जीव हाय तवर ह्या घराचा उंबरा परत ओलांडायची न्हाई."

आन तू बोललीस म्हंजी बोललीस. सातवीत असताना आईवर रुसून वांगं सोडलंस, ते आजपतुर तोंडात घातलं न्हाईस. तुला मी ओळखतो, म्हणून तर ह्या शपथेची भीती वाटती.

आता लग्नाच्या दिवसाचं. मी आलो व्हतो, आक्का. नवा शर्ट घालून आलो व्हतो. कळंबच्या त्या मंगल कार्यालयाच्या समोर, रस्त्याच्या पल्याड रसवंती हाय, तिथं बाकड्यावर बसलो. रस्ता ओलांडला की मांडव. तेवढा रस्ता मला ओलांडवला न्हाई. कर्ण्यावरनं सगळं ऐकू येत व्हतं. भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मंग परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मामा कुठं हायत?" मी रसाचा गिलास हातात धरून बसलो व्हतो. मंग कर्णा गप झाला आन थोड्या वेळानं मंगलाष्टकं सुरू झाली.

वृषालीला मांडवात तूच आणलंस, तिच्या पाठीशी तूच उभी राहिलीस, हे मला मागनं कळलं. बायका कुजबुजल्या म्हणे, नवरा गेलेली बाई पुढं कशाला. ते बोलणं तुला माझ्यामुळं ऐकावं लागलं. ती जागा माझी व्हती. लहानपणी वृषालीला खांद्यावर घेऊन नाणेघाट दाखवला मी, आन एवढी चार पावलं मला तिच्याबरोबर टाकता आली न्हाईत.

आन ज्या लोकांना मी भ्यायलो, ते सगळे पंगतीला जेवून आले! रात्रीच्या गाडीत जिलेबीची तारीफ करत व्हते. आख्ख्या गावात मी एकटाच उपाशी.

मला माफ कर. वृषालीची माफी मी तोंडानं मागंन, पण आधी तुझी.

परवा ग्रुपात मी नव्यानं ओळख लिहिली. लिहिलं, "अंगठ्याची चूक खरी चूक नव्हती. खरी चूक ही, की माझी बहीण अक्षता घेऊन दारात आली आणि मी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही." ह्यावेळी कुणी अंगठा दाखवला न्हाई. शेवटी तेजस्विनी मॅडमचा एकच प्रश्न आला, "काका, उंबरा किती उंच आहे?"

मोजून सांगितलं. नऊ इंच.

गेणू


घाटघर
१३ एप्रिल २०२५

आक्का,

उंबरा काढला.

मॅडमच्या त्या प्रश्नापासनं डोक्यात किडा वळवळत व्हता. मी म्हणलं, शपथ तर आक्काची मोडायची न्हाई आन मी बी मोड म्हणणार न्हाई. पण शपथ कशाची? उंबऱ्याची. मंग उंबराच नसला तर? दोन दिवस मी एकटाच हसत हिंडत व्हतो. साधनाला वाटलं ऊन लागलं.

साधनाला सांगितल्यावर तिनं हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. उंबरा तिचा ना! रोज सकाळी धुवायचा, हळद-कुंकू वाहायचं, रांगोळीची दोन पावलं काढायची. "लक्ष्मी कुठनं यायची मंग?" म्हणाली. भाकऱ्या झाल्या, जेवण झालं, भांडी घासून झाली. मंग पदराला हात पुसत म्हणाली, "काढा. नणंदेपरास उंबरा मोठा न्हाई." बाबांचं ते बोलणं मी तुला लिहिलं तवा ती शेजारीच बसली व्हती. ध्यानात ठेवलं बघ तिनं.

नवी चौकट सागाची केली. चौकट तरी कशी म्हणू? दोन बाजू आन वरची पट्टी, तीनच लाकडं. गावात चेष्टेला ऊत आलाय. जाणारा येणारा थांबतो, "काय राव गेणूभाऊ, लाकूड कमी पडलं का?" शेजारचा सावळेराम म्हणाला, "जन्मभर ट्रक बांधले, आता घराला बी ट्रकाचं मागचं पडतं फाळकं लावतो काय?" मी म्हणलं, व्हय, माल उतरवायचा हाय, मोठा माल. त्याला कळलं न्हाई.

घाटघरचा पाऊस तुला म्हाईत हाय, आडवा येतो, दारातनं थेट चुलीपतुर. त्याच्यावर ग्रुपात आठ दिवस चर्चा झाली. डॉक्टरनं एक सांगितलं, बँकेनं दुसरं. शेवटी मॅडमनी चित्र काढून पाठवलं. दाराबाहेर ओट्याला हातभर उतार, त्याच्यापुढं पाण्याला चर, आन दाराच्या खालच्या कडंला रबराची पट्टी. तसंच केलं. आत-बाहेर आता एक सपाटी हाय. डोळे झाकून चालत गेलं तरी पायाला काय लागत न्हाई.

जुना उंबरा काढताना कुऱ्हाड लावली न्हाई. दोन्ही टोकाची कुसवं, म्हंजी कोरलेल्या जिभा, भिंतीत घट्ट बसली व्हती, पटाशीनं माती उकरून उकरून मोकळी केली. सकाळपासनं दिवस मावळेपतुर तेवढंच काम. मधोमध पायांनी खोलगट झालाय. बाबांचे, आईचे, तुझे, माझे, सगळ्यांचे पाय त्याच्यात हायत. त्याचं काय करायचं ते मी ठरवलंय, पण ते सांगणार न्हाई.

'ये' असं मी लिहीत न्हाई. तुला हुकूम केलेला चालत न्हाई. नुसतं कळवतो, की ह्या घराला आता उंबरा न्हाई.

गेणू


घाटघर
१२ ऑक्टोबर २०२५

आक्का,

मधी पाच पत्रं टाकली, सगळी पावसाची आन भाताची. तुझं एक बी कार्ड न्हाई. मुद्दाम कायतरी चुकीचं लिहून बघितलं, की आईच्या नथीला चार मोती व्हते. तरी बी न्हाई. तुला सात मोती म्हाईत असून तू गप राहिलीस, म्हंजी लईच मन घट्ट केलंस. का पत्रंच वाचत न्हाईस? ह्या इचारानं मला आठ-आठ दिवस कामात लक्ष लागत न्हाई.

दार पावसाला टिकलं. दोनदा पाणी आत आलं, तेवढ्याला साधनानं पोतं टाकलं. एकदा एक बेडूक मात्र रुबाबात चालत चुलीपाशी येऊन बसला. साधना म्हणाली, "घ्या, उंबरा काढला त्याचा पयला पावणा."

मी कळंबला येऊन तुझ्या दारात उभा राहू शकतो. दोनदा स्टँडपतुर आलो बी. पण मंग वाटलं, तुझ्या घरी येऊन पाया पडलो तर माझं ओझं उतरंल, तुझं माहेर काय तुला परत मिळायचं न्हाई. मी तुझं माहेर बंद केलंय, तर ते हितंच उघडाय पायजे. हे बरोबर हाय का पळवाट हाय, ते मला अजून कळत न्हाई.

गुरुवारी तेवीस तारखेला भाऊबीज हाय. तीन भाऊबिजा मी कोरड्या कपाळानं काढल्या. जुन्नरवरनं सकाळी नवाला जीप निघती. मी ओट्यावर बसलेला असंन. न्हाई आलीस तरी बसलेला असंन.

गेणू


घाटघर
२४ ऑक्टोबर २०२५

आक्का,

काल तू जीपमदी बसलीस आन वळणावर दिसेनाशी झालीस तवापासनं हे पत्र डोक्यात लिहितोय. आता फोन करता येतो, तू उचलतीस बी. तरी पत्रच लिहितो. काही गोष्टी तोंडानं बोलाय गेलो तर तू "गप रं" म्हणशील.

तू जीपमधनं उतरलीस, मागनं वृषाली. मी ओट्यावरनं उठलो. तू माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. दाराकडं बघितलंस, वरनं खालपतुर, खालनं वरपतुर. आन तीन वर्षांनी तुझ्या तोंडचं पयलं वाक्य काय? "हे काय रं, गोठ्यावानी?" आक्का, एवढं गोड माझ्याशी कुणी बोललं न्हाई गं.

मंग तू आत आलीस.

वृषालीपुढं मी हात जोडले. पोरगी म्हणाली, "मामा, तुम्ही रसवंतीवर होता ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी म्हटलं, येतील, येतील." बस एवढंच. त्याच्यापरास तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. निघताना ती म्हणाली, "मामा, कळंबला या, स्वराजला तुमची करवत बघायचीय." जावई माणूस करवत बघणार म्हणतो, म्हंजी बरा दिसतोय. म्हंजी बराच हाय. मीच बरा नव्हतो.

आन पाट! तू ताट घेऊन पुढं आलीस, मी पाटावर बसलो, आन तुझं ध्यान पाटाकडं गेलं. मधला तो खोलगटपणा मी रंध्यानं मारला न्हाई, मुद्दाम ठेवला. तू ओळखलंस. निरांजन हातात, आन वरडलीस, "ऊठ! उंबऱ्यावर बसतोस व्हय रं? आईनं किती येळा सांगितलंय, उंबऱ्यावर बसू नये!" मी खरंच उठलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस टुणकन उठलो. मंग तूच हसलीस, हसता हसता रडलीस, आन म्हणालीस, "बस बस. आता पाट हाय." त्या पाटाचा फोटो ग्रुपात टाकलाय. मॅनेजरनं इचारलं, लाकूड कोणतं? ह्यावेळी मी चुकलो न्हाई.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

तू दारातनं आत आलीस तवा मी मागंच व्हतो. साधना त्या दारातनं रोज सरळ चालत जाती. वृषाली सरळ चालत आली. तू मात्र दाराशी थांबलीस, डाव्या हातानं लुगड्याचा काठ जरासा वर धरलास, आन तो दुखऱ्या गुडघ्याचा पाय चांगला नऊ इंच उचलून आत टाकलास. खाली काय बी नव्हतं. नुसती सारवलेली जमीन. तुझ्या पायाला ठाऊकच न्हाई, की तिथं आता उंबरा न्हाई म्हणून.

म्हंजी आक्का, तू उंबरा ओलांडलास. तुझी शपथ मोडली.

मी बघितलं आन साधनानं बघितलं. तिनं मला डोळ्यानं खुणावलं, बोलू नका. हे आमी कुणाला सांगणार न्हाई. ग्रुपात बी टाकलं न्हाई.

गेणू